बलकाचं वय

कर्जतहून कोंडिवड्यापर्यंत रिक्षा जाते, पुढे पायवाट. डोक्यावर राजमाचीचा डोंगर, पायाशी उल्हास नदीचं खोरं, आणि झाडीतून चढत गेलं की एकदम समोर कोंडाण्याची लेणी. पावसाळ्यात लेण्याच्या कपाळावरून पाणी कोसळत असतं, त्याच्या आवाजात पलीकडच्या बोरघाटातून चढणारी आगगाडीही ऐकू येत नाही. उन्हाळ्यात मात्र तिची धाप स्पष्ट ऐकू येते. चैत्याच्या दर्शनी भागात डाव्या हाताला एका मूर्तीचं डोकं तेवढं शिल्लक आहे. त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केलं, एवढाच तिचा अर्थ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही सही.

अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. बलक हे विशेषनाम आहे, त्यातून त्याचं पोरवय काढायला गेलं तर व्याकरण हसेल. तरीही दर वेळी त्या ओळीपुढे उभं राहिलं की मनात तोच प्रश्न येतो: हा शिष्य केव्हा आला असेल कण्हाकडे? दहाव्या वर्षी? पंधराव्या? आणि हातून मूर्तीचं नाक उडालं असतं, तर त्याला जाणत्या कारागिराएवढीच शिक्षा झाली असती का?

प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. ज्या भिक्षूंसाठी ही लेणी खोदली, त्यांच्या संघाला वयाचा कायदा होता, आणि तो कसा झाला याची गोष्ट पाली विनयात सांगितलेली आहे. राजगृहात सतरा मुलांची एक टोळी होती. त्यांतल्या उपालीच्या आईबापांना चिंता, आपल्यामागे पोराचं कसं होणार? लेखन शिकवावं तर बोटं दुखतील, हिशेब शिकवावा तर छातीवर ताण येईल, नाणी पारखायला बसवावं तर डोळे जातील. त्यापेक्षा भिक्षू होऊ दे, सुखाने जेवेल तरी. उपाली निघाला, त्याच्यामागे सोळा मित्रही निघाले. पहिल्याच पहाटे सगळे उठून पेज द्या, भात द्या म्हणून रडायला लागले. तो गलका बुद्धांच्या कानी गेला आणि नियम झाला की वीस वर्षांच्या आत पूर्ण दीक्षा द्यायची नाही. श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्षू, होता येईल, पण श्रामणेराला दहाच शिक्षापदं. पाली परंपरेतले भिक्षूचे २२७ नियम त्याच्यावर लादायचे नाहीत. एकाच विहारात, एकाच ताटातलं जेवणाऱ्या दोघांना दोन वेगळे कायदे.

श्रामणेर व्हायलाही पंधरा वर्षं पुरी हवीत असं ठरलं. तेवढ्यात आनंदाकडे साथीच्या रोगात पोरके झालेले दोन मुलगे आले. त्यांना दारातून परत कसं पाठवायचं? मग सूट निघाली की पंधराच्या आतला मुलगा कावळे हाकलू शकत असेल तर त्याला घ्यावं. वयाचा दाखला नाही तर कुवत बघा, असा हा मार्ग. पुढे कुमारकश्यपाच्या बाबतीत शंका आली की त्याला खरोखर वीस पुरी झाली होती का, तेव्हा वय गर्भापासून मोजायला मुभा मिळाली. कायदा वयाची रेघ ओढतो, आणि लगेच ती रेघ कुठून मोजायची यावर भांडण सुरू होतं. हे भांडण आजही मिटलेलं नाही, म्हणून तर हा लेख.

वैदिक बाजूलाही हेच दिसतं. स्मृतिकारांनी ऐंशीवरचा म्हातारा, सोळाच्या आतला मुलगा, स्त्री आणि रोगी यांना अर्धं प्रायश्चित्त सांगितलं. पण मला सगळ्यात आवडते ती महाभारतातली अणीमांडव्याची कथा. चोरांनी लूट त्याच्या आश्रमात लपवली, ऋषी मौनात, राजाच्या माणसांनी त्यालाही चोर समजून सुळावर चढवलं. तो मेला नाही, सुळाचं टोक अंगात तसंच राहिलं. पुढे धर्माच्या दरबारात जाऊन त्याने विचारलं, कोणत्या पापाचं हे फळ? उत्तर मिळालं, लहानपणी तू पतंगांच्या शेपटीत काडी खुपसायचास. तेव्हा मांडव्याने धर्मालाच शाप दिला की शूद्रयोनीत जन्म घे, आणि तो विदुर झाला. शिवाय जगाला नवी मर्यादा घालून दिली: चौदाव्या वर्षापर्यंत केलेलं पाप धरलं जाणार नाही. अपराधाच्या वयाची दुरुस्ती एका शिक्षा भोगलेल्या माणसाने, न्यायाधीशालाच शिक्षा ठोठावून करून घेतली. अशी दुरुस्ती नंतर कुठल्या संसदेत झाली नाही.

आता बोरघाटातल्या गाडीत बसून मुंबईला यावं, कारण पुढचा बराचसा इतिहास तिथे घडला.

कंपनी सरकारच्या काळात पोराने पाव चोरला तरी तुरुंग तोच, कोठडी तीच, सोबतही तीच. १८५० साली अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट आला. दहा ते अठरा वर्षांच्या पोरक्या, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराकडे बांधून द्यायची ही सोय होती. भाषा दयेची असली तरी डोळा स्वस्त कारागिरांवर होता, हे कबूल करायला हवं. त्याच सुमारास ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक जॉर्ज बुइस्ट यांनी मुंबईत पोरांसाठी उद्योगशाळा काढली. बगदादहून येऊन मुंबईत गब्बर झालेले व्यापारी डेव्हिड ससून यांचं पाठबळ तिला मिळालं आणि १८५७ पासून त्यांचं नाव लागलं. सुतारकाम, विणकाम, लोहारकाम, आणि रात्री कुलूप. माहीमचं डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल हे त्याच परंपरेतलं. ससून हे नाव या लेखात पुन्हा येणार आहे, लक्षात असू द्या.

१८६० ची दंडसंहिता १८६२ पासून लागू झाली. तिच्या ८२ व्या कलमात सात वर्षांच्या आतल्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा नाही. ८३ व्या कलमात सात ते बारा वर्षांच्या मुलाला कृत्य आणि त्याचा परिणाम समजण्याइतकी परिपक्वता आली नसेल तर तो निर्दोष. इथे पुन्हा ते कावळे हाकलणंच आलं, म्हणजे वयाबरोबर कुवत बघा. बारा पूर्ण झाले की संहितेच्या दृष्टीने पोरगा आणि पन्नाशीचा दरोडेखोर एका पायरीवर. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत कलमांचे आकडे २० आणि २१ झाले, वयं मात्र सात आणि बाराच राहिली.

१८६४ चा फटक्यांचा कायदा तर घराघरातल्या समजुतीचंच सरकारी रूप होता. देहान्ताची शिक्षा नसलेल्या कोणत्याही गुन्ह्याला अल्पवयीन पोराला इतर शिक्षेऐवजी फटके देता येत, आणि ते हलक्या वेताने, शाळेतल्या शिस्तीसारखे द्यावेत असं कायद्यातच लिहिलं होतं. त्या काळातल्या शाळा कशा होत्या, हे यावरून कळतं. फटक्यांची शिक्षा कायद्यातून कायमची गेली ती १९५५ साली. १८७६ च्या रिफॉर्मेटरी स्कूल्स अ‍ॅक्टने आणि त्याच्या १८९७ च्या नव्या रूपाने मुलांना सात वर्षांपर्यंत सुधारशाळेत ठेवायची सोय केली, पण अठरा वर्षांपर्यंतच. आणि फक्त मुलगे. मुलींचा विचार कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात आलाच नव्हता.

मुंबईत मुलांच्या या इतिहासाचं घर म्हणजे उमरखाडी. डोंगरी भागातला हा तुरुंग एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. मराठी माणसाला तो माहीत आहे वेगळ्याच कारणाने. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात तिथले कारभारी बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि १०१ दिवसांनी ते सुटले ते याच डोंगरीच्या तुरुंगातून. दोघेही तेव्हा सव्वीस वर्षांचे. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. एका कोठडीत रात्ररात्र वाद घालणारे हे दोन मित्र पुढे फुटले. फुटण्याची कारणं अनेक, पण त्यांतलं एक वयाच्या रेघेचंच होतं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा केलं. मूल कुणाला म्हणायचं हे सरकारने ठरवू नये, असं टिळकांचं म्हणणं. सरकारशिवाय कोण ठरवणार, असं आगरकरांचं. मुलग्याने चोरी केली तर त्याच्या वयाबद्दल फारसं कुणाला पडलेलं नव्हतं. मुलीच्या संमतीच्या वयावरून मात्र सगळा महाराष्ट्र पेटला.

हाच तुरुंग पुढे मुलांचं रिमांड होम झाला. जाड भिंती तशाच राहिल्या आणि आत येणाऱ्यांचं वय बदललं. मुंबईच्या चाळींत न ऐकणाऱ्या पोराला ‘डोंगरीला टाकीन हां’ अशी धमकी अनेक पिढ्यांनी दिली. धमकी देणाऱ्या आईला ठाऊक नसायचं की तिथे जाणाऱ्यांत चोर कमी आणि हरवलेली, पळून आलेली, टाकून दिलेली पोरंच जास्त. बोरघाट उतरणाऱ्या गाड्या रोज अशी दोनचार पोरं व्हीटी-दादरला आणून सोडत. कर्जतला गाडी थांबताना उतरलेला एखादा पोरगा सिग्नलच्या खांबाला टेकून झोपलेला रेल्वेवाल्यांनी कितीदा पाहिला असेल!

पण डोंगरीचं असं घर होण्याआधी काय होतं, हे बघायला १८९९ च्या पुण्यात जावं लागतं. चापेकर प्रकरणात महादेव रानडे आणि खंडो साठे ही तरुण पोरंही होती. मे महिन्यात येरवड्याला ८ ला वासुदेव, १० ला रानडे आणि १२ ला बाळकृष्ण चापेकर फासावर गेले. साठे अल्पवयीन म्हणून त्याला फाशीऐवजी दहा वर्षांची सक्तमजुरी. हा कायद्याने दिलेला हक्क नव्हता, न्यायाधीशाचा विवेक होता. त्याच वर्षी, त्याच उन्हाळ्यात, अमेरिकेत शिकागोला मुलांसाठी जगातलं पहिलं स्वतंत्र न्यायालय उघडलं. योगायोगाला अर्थ चिकटवू नये म्हणतात. मी चिकटवत नाही, नुसत्या तारखा शेजारी ठेवतो.

दुसरं उदाहरण याहून टोचणारं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता. लहान मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याविरुद्धचं ते नाटक. कलेक्टर जॅक्सन निरोपाच्या प्रयोगाला आले आणि अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे यांची जन्मतारीख ७ जानेवारी १८९२ अशी दिली जाते. ती धरली तर त्या रात्री त्यांच्या अठराव्या वाढदिवसाला अजून सतरा दिवस होते. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासह त्यांना फाशी झाली. क्रांतिकारकाच्या ध्येयाला वयाचा शिक्का मारून लहान करायचा माझा हेतू नाही. त्यांनी स्वतः तो मारून घेतला नसता. पण आजचा कायदा लावला तर त्यांना फाशी देताच आली नसती.

मुंबई इलाख्यात पहिला खरा मुलांचा कायदा १९२४ चा. मद्रास १९२०, बंगाल १९२२, मग मुंबई. मागे होता १९१९-२० च्या तुरुंग समितीचा अहवाल, ज्याने पोरांना तुरुंगाबाहेर काढा, त्यांच्यासाठी निराळी न्यायालयं आणि रिमांड होम करा असं सांगितलं होतं. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. बाल न्यायालय आणि डोंगरीचं रिमांड होम यांचा संसार तिथून सुरू होतो, पुढे मानखुर्दच्या संस्था झाल्या. या व्यवस्थेत एक माणूस नवा आला, परिविक्षा अधिकारी. प्रोबेशन ऑफिसर म्हणूनच सगळे त्याला ओळखतात. तो पोराच्या घरी जातो, बाप दारू पितो का बघतो, शाळेतल्या मास्तरांना भेटतो आणि न्यायाधीशाला अहवाल देतो. जुन्या न्यायालयात पोलिस, वकील आणि साक्षीदार गुन्ह्याची गोष्ट सांगत. आता पहिल्यांदा कुणीतरी पोराची गोष्ट सांगू लागलं. १९३६ ला मुंबईत टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, जी पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. या कामाला लागणारी माणसं मग शिकून येऊ लागली. सोळा ते एकवीसच्या दरम्यानच्यांसाठी १९२९ चा बोर्स्टल स्कूल्स अ‍ॅक्ट आला. १९४८ ला मुंबईने आपला मुलांचा कायदा पुन्हा नव्याने केला.

इथे कागद संपतो आणि तुरुंग दिसतो. कायदे प्रांताप्रांतांचे होते, काही राज्यांत ते लागूच झालेले नव्हते. पोलिस ठाण्यात आणलेलं पोर सोयीने अठरा वर्षांचं लिहिलं की प्रश्न मिटायचा. १९८० च्या दशकात शीला बारसे ही मुंबईची पत्रकार कोठड्यांमागे लागली. मुंबईच्या पोलिस कोठड्यांतल्या बायकांबद्दल तिने सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावरून १९८३ चा निकाल झाला. मग तिने देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या सोळाच्या आतल्या मुलांचा प्रश्न नेला. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात मुलाविरुद्धचा तपास तीन महिन्यांत आणि आरोपपत्रानंतर खटला सहा महिन्यांत संपला पाहिजे, आणि संपूर्ण देशाला एकच कायदा असावा. माहिती देण्यात राज्यं इतकी रेंगाळली की बारसे वैतागली आणि याचिका मागे घेते म्हणाली. न्यायालयाने तिला बाजूला होऊ दिलं, याचिका मात्र जाऊ दिली नाही. जनहित याचिका एकदा दाखल झाली की ती दाखल करणाऱ्याचीही राहत नाही, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आलं ते डांबलेल्या मुलांमुळे.

१९८६ च्या डिसेंबरात बाल न्याय अधिनियम झाला आणि पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला लागू झाला. मुलगा सोळाच्या आत, मुलगी अठराच्या आत. अशा मुलाला देहान्त किंवा कारावास देता येणार नाही. भारताने १९९२ ला बालहक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता मान्य केली, आणि २००० च्या नव्या कायद्याने मुलग्यांचीही रेघ अठरावर नेली. ‘बालगुन्हेगार’ हा शब्द जाऊन सरकारी मराठीत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आला. उच्चारताना जीभ अडखळते, पण शब्द ठरवून असा केलाय: पोर गुन्हेगार नाही, त्याचा कायद्याशी खटका उडालाय. वर्तमानपत्रांचं ‘बालसुधारगृह’ अजून गेलेलं नाही, ते सोडा.

आजच्या व्यवस्थेत जिल्ह्याला बाल न्याय मंडळ असतं. एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली किमान एक स्त्री. पोराला पोलिस कोठडीत ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही, त्याच्याशी बोलणारा पोलिस गणवेशात नसावा, नाव छापायचं नाही, आणि पुढे नोकरीच्या अर्जात हा डाग लागू नये. सामान्यतः जास्तीत जास्त तीन वर्षं विशेषगृहात. या कायद्याचा दुसरा अर्धा भाग त्या पोरांसाठी, ज्यांनी काहीच केलेलं नसतं: पोरकी, टाकलेली, मजुरीला जुंपलेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा त्या ठाकरवाडीची काही पोरं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. सकाळी त्यांना घर नव्हतं. तीही याच कायद्याच्या कक्षेत.

या सगळ्याचा पाया म्हणजे वय. आणि वय कुठून आणायचं? कायद्याचा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, काहीच नसेल तर हाडांची तपासणी, जी दोनेक वर्षं इकडे-तिकडे चुकू शकते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. १ जूनला जन्मलेली पोरं इतकी सापडतील की वाटावं, उरलेलं वर्षभर बाळंतपणं बंद होती. बाप पोराला हाताला धरून आणायचा, मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, भातलावणीला. मास्तर शाळा सुरू होण्याआधी सहा वर्षं पुरी होतील असं साल काढत आणि पुढे १ जून लिहीत. कर्जत-खालापूरच्या कातकरी-ठाकर वाड्यांत तर साल म्हणजे घटना. जांभूळपाड्याचा पूर म्हणजे १९८९. तो सव्वीस जुलैचा पाऊस म्हणजे २००५. आता इर्शाळवाडी. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातलं पोर कधी पहिलीत घातलं, कधी दुसऱ्यांदा पहिलीत घातलं, याचा ताळमेळ रजिस्टरातही लागत नाही. मास्तरांनी तेव्हा सोयीसाठी मारलेल्या तारखेवर उद्या ठरेल की हे पोर मंडळापुढे जाणार की सत्र न्यायालयापुढे.

२०१२ च्या १६ डिसेंबरला दिल्लीत जो सामूहिक बलात्कार झाला, त्यातल्या सहा आरोपींपैकी एक अठराला काही महिने कमी होता. तीन वर्षांत तो सुटणार या कल्पनेने देश खवळला. न्यायमूर्ती वर्मा समितीने रेघ खाली आणू नये असं सांगितलं होतं. २० डिसेंबर २०१५ ला तो सुटला आणि २२ ला राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. रेघ अठरावरच ठेवली, पण सोळा ते अठरामधल्यांनी घोर गुन्हा केला असेल तर मंडळ त्याची मानसिक-शारीरिक कुवत, परिणाम समजण्याची क्षमता आणि परिस्थिती तपासेल आणि वाटलं तर प्रौढासारखा खटला चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवेल. फाशी आणि सुटकेची आशा नसलेली जन्मठेप तेव्हाही नाहीच. म्हणजे दंडसंहितेच्या ८३ व्या कलमाने बाराच्या आतल्यांसाठी जो प्रश्न विचारला होता, तोच उलटा करून सोळाच्या वरच्यांना विचारला. तिकडे समज नसणं पोराला वाचवायचं, इकडे समज असणं त्याला अडकवतं. मला ही दुरुस्ती रागाने केलेली वाटते. राग समजण्यासारखा होता, पण रागात ओढलेली रेघ सरळ येत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा. त्याच दिवशी जामीन, आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. पुढचे कित्येक दिवस चहाच्या टपरीवर या कायद्याची चर्चा झाली, आणि निम्मी चुकीची झाली. कायद्यात निबंध नाही, पण जामिनाला पहिलं स्थान आहे. लोकांना खरं टोचलं ते वेगळंच, पैशापुढे कायदा वाकतो हा संशय, आणि तो पुढे गडद झाला: रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ज्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली, ते ससून. पोरांना तुरुंगाऐवजी सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेला ज्याचं नाव आहे, त्याच माणसाच्या देणगीतून उभं राहिलेलं. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या मंडळाने या मुलाला प्रौढ मानून खटला चालवायची पोलिसांची मागणी फेटाळली.

याच पुण्यात त्या अपघाताच्या तीस वर्षं आधी एका पोराला निबंध लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. ऑगस्ट १९९४ मध्ये पौड रस्त्यावरच्या एका घरातल्या सात जणांचा खून झाला, त्यांत एक बाई गरोदर होती आणि दोन मुलं होती. भयानक गुन्हा, त्याबद्दल दुमत नाही. राजस्थानातून आलेले तिघे पकडले गेले, त्यांतला एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी दिली, १९९९ ला उच्च न्यायालयाने आणि २००० ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यांतल्या एकाचं वय कागदावर वीस-बावीस होतं. ते कुणी मोजलं नव्हतं, अंदाजाने लिहिलं होतं.

अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो, असं कायदा सांगतो. त्या आधारावर त्याने अर्ज केला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. बिकानेर जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेचं रजिस्टर निघालं. त्यात १९८६ चा प्रवेश, १९८९ ला शाळा सोडल्याची नोंद, जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. पण रजिस्टरात नाव वेगळं, खटल्यात वेगळं. ही दोन नावं एकाच माणसाची आहेत का, यावर आणखी युक्तिवाद झाले. २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि ताबडतोब सोडायला सांगितलं. गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय साडेबारा वर्षं. कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. तो आत होता २८ वर्षांहून जास्त, आणि त्यांतली बरीच फाशीच्या कैद्याची.

नागपूरच्या तुरुंगाच्या फाटकातून तो बाहेर आला तेव्हा रजिस्टराप्रमाणे एक्केचाळीस वर्षांचा होता.